सुमेधाचं ताट

सुमेधा गेल्याचा फोन आला तेव्हा मी सेवाग्रामला दवाखान्यात एका आजोबांचा आखडलेला खांदा हलवत होते. फोन तिच्या आईचा, इंदूमावशींचा होता. "ये वं हेमा... झालं तिचं," एवढंच त्या म्हणाल्या. मी बरं म्हटलं, फोन खिशात टाकला आणि आजोबांचा राहिलेला व्यायाम पुरा करून घेतला. फिजिओथेरपीच्या नोकरीत हातांना अशी सवय लागते. डोक्यात काय कोसळलंय याची त्यांना खबरच नसते. शेवटी आजोबाच म्हणाले, "मॅडम, राहू द्या आता. तुमी रडून राह्यल्या." बातमी काही अचानक आली नव्हती. दोन वर्षांहून जास्त काळ सुमेधा थोडी थोडी जातच होती. आधी बोटं, मग हात, मग पाय, मग बोलणं... आजाराचं नाव, त्याची चाल, त्याचा शेवट, सगळं मला पुस्तकातून पाठ होतं. त्या पाठांतराचा त्या दिवशी काडीचा उपयोग झाला नाही. नालवाडीला त्यांच्या घरी पोचले तेव्हा मावशी दारातच उभ्या होत्या. मला पाहून त्या पहिलं वाक्य बोलल्या ते हे, की सकाळपासून तिच्या पोटात काहीच गेलं नव्हतं.

या घरात मी पहिल्यांदा आले ती भाडेकरू म्हणून. मी तळेगावची, म्हणजे श्यामजी पंतांच्या तळेगावची. बारावीनंतर वर्ध्याला शिकायला आले तेव्हा खोली बघायला माझे अंबादासकाका सोबत होते. नालवाडीतली ही मागची खोली त्यांना पसंत पडली, फक्त समोरच्या खोलीतली बुद्धाची मूर्ती पाहून ते जरा घुटमळले. जाताना बसस्टँडवर मला बाजूला घेऊन म्हणाले, "खोली ठीक हाय. पण जेवण डब्याचंच घेजो." डबेवाल्याने दुसऱ्याच दिवशी दांडी मारली. माझ्याच वयाची, इंजिनीअरिंगला नुकतीच लागलेली सुमेधा ताट घेऊन दारात आली. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, फोडलेला कांदा. मी ताटाकडे नुसतीच बघत राहिले, तशी ती म्हणाली, "खाय निवांत. तळेगावले कोणी सांगत नाई." म्हणजे तिला सगळं कळलं होतं, आणि तरी ती हसत होती. त्या दिवसापासून माझा डबा बंद झाला तो कायमचा. नंतर मी नोकरीला लागले, लग्न झालं, सेवाग्रामला घर केलं. पण हातची भाकर कुणाची आठवते असं विचाराल तर मी माझ्या आईच्या आधी इंदूमावशींचं नाव घेईन, आणि माझी आई मला माफ करो.

सुमेधा शिकत होती तेव्हाही धड एका चौकटीत बसायची नाही. यंत्राचा आराखडा काढता काढता कडेला त्याचा दांडा धरणारा हातच काढून ठेवायची आणि सरांची बोलणी खायची. पुढे तिने डिझाइनचं वेगळं शिक्षण घेतलं आणि नागपूरच्या एका कंपनीत लागली. कुबड्या, कमरेचे पट्टे, अधू हाताला धरता येतील अशा मुठी, असलं सामान ही कंपनी बनवायची. तिथे एका खोलीत चित्रं काढणारे डिझाइनर बसत आणि दुसऱ्या खोलीत भाराचं गणित मांडणारे इंजिनीअर. दोघांचं आपसात विळ्याभोपळ्याचं सख्य. इकडची देखणी कुबडी तिकडच्या गणितात मोडायची, आणि तिकडची दणकट कुबडी कुणाच्या काखेत टिकायची नाही. सुमेधाची ये-जा दोन्ही खोल्यांत. पोरगी नेमकं करते काय, असं शेजारच्या बाया विचारत, तेव्हा मावशी सांगायच्या, "चित्र बी काढते अन् ते मोडन का नाई ते बी पाह्यते." इतकी सोपी व्याख्या कंपनीलाही जमली नसती. मी चिडवायचे, तू ना घर की ना घाट की. ती म्हणायची, "घरचेही बलावतेत अन् घाटावरचेही, तुले काऊन त्रास होऊन राह्यला?" दवाखान्यातले किती पेशंट मी तिच्याकडे धाडले असतील. लकव्याने वाकडा झालेला हात घेऊन माणूस जायचा आणि त्या हातात बसणारी काहीतरी वस्तू घेऊन परत यायचा. आमची मैत्री या येण्याजाण्यावरच पोसली.

मग एआय आलं. पहिल्यांदा गंमत म्हणून आलं, नंतर कंपनीने ते रीतसर विकत आणून बसवलं. पेशंटच्या हाताचा फोटो आणि गरजेच्या चार ओळी दिल्या की तासाभरात चाळीस-पन्नास आकार पुढ्यात. तेही नुसती चित्रं नव्हेत, भार कुठे येईल, कुठे मोडेल, माल किती लागेल, सगळ्यासकट. दोन खोल्यांमधली भिंतच पडली म्हणा ना. कुणाला वाटावं आता सुमेधाची चांदी. पण नदीच आटल्यावर पुलाला कोण विचारतो? त्या मशीनला शिकवण्यासाठी कंपनीने तिचीच वर्षानुवर्षांची ड्रॉइंगं त्याच्या पोटात घातली. तिच्या हाताखाली दोन नवी मुलं होती, त्यांना 'सध्या थांबा' सांगितलं गेलं. तिला ठेवलं, पण हुद्दा बदलून. मशीनने काढलेलं तपासायचं, एवढंच काम. त्या शनिवारी ती सेवाग्रामला माझ्या घरी आली आणि मागच्या पायरीवर बसली. मी पोहे केले ते तिने बोटाने इकडून तिकडे ढकलले. मग म्हणाली, "त्या पोट्ट्यायले मी चार वर्ष शिकवलं असतं, तं ते माह्यावानी झाले असते. आता माह्यावानी व्हाले कोणी राह्यलंच नाई." स्वतःच्या खुर्चीपेक्षा तिला हे लागलं होतं. मशीनला तिने नाव ठेवलं बारक्या. दोन बारक्यांच्या जागी आला म्हणून. त्या नावात लाड किती आणि राग किती, हे मला शेवटपर्यंत उमगलं नाही.

तरी तिने तोंड फिरवलं नाही. ती बारक्याशी आपल्या वऱ्हाडीत बोलायची आणि तो पुस्तकी मराठीत उत्तर द्यायचा, 'कृपया आपली गरज अधिक स्पष्ट करावी.' "घ्या, आता याले समजावून सांगा," असं पुटपुटत ती परत बसायची. काम झपाट्याने होऊ लागलं हेही खरं. याच सुमारास आमच्या अंबादासकाकांना लकवा मारला आणि उजव्या हाताची पकड गेली. मी सुमेधाला सांगितलं. तिने हाताच्या फोटोवरून बारक्याकडून चमचा आखून घेतला, तळहाताला पट्ट्याने बांधायचा, मान किंचित वळवलेला. इतकी नेमकी वस्तू मी माझ्या नोकरीत पाहिली नव्हती. महिन्याभराने तळेगावला गेले तर चमचा धुऊनपुसून फळीवर ठेवलेला. हे ऐकल्यावर सुमेधा स्वतः आली, आणि नेमकी जेवायच्या वेळेला आली. काका ताटावर बसले होते. डावा हात मांडीवर, कारण डावा हात अन्नाला लावायचा नाही ही त्यांची जन्माची रीत. आणि उजव्या हाताची ती दुबळी बोटं भाकरीवर दाबत होते. भाकर ताटभर सरकत होती. सुमेधाने विचारलं, "काकाजी, चमचा काऊन नाई घेत?" काका म्हणाले, "चमच्यानं दवाई घेतेत बाई. जेवन नाई होत." मग सुनेकडे वळून बोलले, "पोरीले बी वाढ." सून आत गेली. मी सुमेधाकडे पाहिलं; तिने पाट पुढे ओढला आणि बसली. बसस्टँडवरची ताकीद मी विसरले नव्हते, काकाही विसरले नसणार, आणि सुमेधाला ती न ऐकताच ठाऊक होती. सुनेने तिचंही ताट वाढलं.

परतीच्या बसमध्ये ती स्वतःवर भयंकर चिडलेली होती. "बारक्याची काही चूक नाई वं. म्या चमचा मागतला, त्यानं चमचा देला. मागणारीचंच डोकं कामातून गेलं." इतकी वर्षं ती माणसाला समोर बसवून, चहा पाजून, निरखून मगच पेन्सिल उचलायची. या वेळी फोटोवरून भागवलं होतं. तिने तेव्हापासून नेमच केला, की काहीही बनवायचं असेल तर आधी त्या घरी जेवायच्या वेळेला जायचं, आणि मगच मशीनसमोर बसायचं. बोलता बोलता तिने पाण्याची बाटली काढली, झाकण फिरवून पाहिलं आणि माझ्याकडे दिली. "खोल ना, हातच लागून नाई राह्यला." बाटली घेताना माझी नजर तिच्या हातावर गेली. अंगठ्याच्या बुडाशी मांसाचा जो उंचवटा असतो, तो पार बसला होता. मी रोज असले हात बघते. झाकण उघडून दिलं आणि खिडकीबाहेर बघत राहिले... तपासण्या व्हायला पुढे काही आठवडे लागले, पण मला त्या बसमध्येच कळलं होतं.

एकेक स्नायू वाळवत नेणाऱ्या आजाराचं निदान झाल्यावर तिने मला एकच प्रश्न विचारला, "पहिले काय जाईन? हात का आवाज?" मी म्हटलं, बहुतेक हात. ती म्हणाली, "मंग आवाज राह्यते तोपर्यंत काम करता येते." दुसऱ्या कुणी देवाला शिव्या घातल्या असत्या. मी घातल्या, तिच्या वाट्याच्याही. तिला मात्र एकाच गोष्टीची धास्ती होती. मरणाची नव्हे, हात गेले की आपण वस्तू घडवणारी उरतो की नाही, याची. आणि इथेच गोष्ट उलटी फिरली. ज्या बारक्याने तिची पेन्सिल हिरावली होती, त्याच्याच मदतीने ती नालवाडीच्या खोलीत पडल्या पडल्या काम करू लागली. ती बोलायची, तो काढायचा. ती म्हणायची जाड, तो जाड करायचा. आणि ती सगळ्यात जास्त वेळा म्हणायची ते 'नाई'. काकांचं ताट तिने असंच केलं. एका बाजूची कड आत वळवलेली, तिच्याखाली भाकर सरकवली की ती अडकून बसते आणि एकाच अधू हाताने तुकडा मोडता येतो. काका त्यात जेवतानाचा व्हिडिओ मी तिला दाखवला. तो तिने कितीदा तरी पाहिला. मग म्हणाली, "यानं माहं काम नेलं, अन् यानंच माहे हात वापस देले. आता याच्यावर रागवू का याचे पाय धरू, तूच सांग." तिच्या हाताखालून गेलेल्या त्या दोन मुलांना मात्र कुणी काही वापस दिलं नाही, हे ती स्वतःच वर जोडायची.

माझ्या एका सहकाऱ्याची मुलगी तिला भेटायला आली होती. इंजिनीअरिंग आणि डिझाइन दोन्ही मिळून शिकवणाऱ्या कोर्सला जाऊ की नको, आता मशीनच सगळं करणार असेल तर काय उपयोग, असं विचारत होती. मला वाटलं सुमेधा तिला धीर देईल. पण खोटा धीर देणं तिच्या स्वभावातच नव्हतं. जड झालेल्या जिभेने सावकाश म्हणाली, "मले मालूम नाई बाई. तू शिकून बाहेर येशीन तवा काय राह्यलं राहीन, कोणाले सांगता येत नाई. पण शिकलीस तं लोकायच्या घरी जेवायच्या टायमाले जात जाजो." मुलगी गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. दारापर्यंत सोडताना मी तिला काकांच्या चमच्याची हकीकत सांगितली.

पुढे आवाजही गेला. आधी बारक्याला तिचं बोलणं समजेना, मग मला, शेवटी मावशींनाही. पडद्यावरच्या अक्षरांवर नजर रोखून एकेक शब्द जुळवायचं यंत्र आलं. मावशी तिला भरवायच्या. मिक्सरमधून काढलेली भाकर चिकट होते, तिच्या घशाला चालत नसे. म्हणून मावशी गरम वरणात भाकर बोटांनी कुस्करायच्या, एकही गाठ राहू नये इतकी. त्यांच्या दोन्ही अंगठ्यांत संधिवात. कुस्करता कुस्करता वरण गार होऊन जायचं, आणि चार घास झाले की सुमेधा डोळे मिटायची. डोळे मिटले म्हणजे बस. "भूकच मेली वं हिची," मावशी मला स्वयंपाकघरात येऊन सांगायच्या आणि पदराने डोळे पुसायच्या. मी एकदा खोलीत एकटीच होते तेव्हा सुमेधाला सरळ विचारलं, पोट भरतं का गं तुझं? तिने अक्षरं जुळवली, 'नाही. आईचा अंगठा सुजतो. सांगू नको.' त्यानंतर तिने बारक्यासाठी वाक्य लिहिलं. किती वेळ लागला ते मोजायचं भान मला नव्हतं, मी तिच्या डोळ्यांतून गळणारं पाणी टिपत होते. 'अंगठा न वापरता, तळहाताच्या बुडाने, वरणात भाकर बारीक कुस्करता येईल असं ताट.' एवढंच वाक्य. त्यात तिचं सगळं शिक्षण होतं, दोन्ही खोल्यांतलं.

बारक्याने आकार काढले. मी एकेक पुढे करायचे आणि ती डोळे मिटून नकार द्यायची. हा घासायला अवघड, त्यात भाकर अडकेल, तो मावशींना उचलायला जड. एकाला मात्र तिचे डोळे उघडे राहिले. तळाशी मध्यावरून बाहेर पसरत जाणारे बुटके, तिरपे उंचवटे, आणि त्यांच्यामधून वरण खाली साठायला जागा. तिने लिहिलं, 'हे मला सुचलं नसतं.' मला त्या मशीनचा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. मग तिने त्यातही दोन बदल सांगितले आणि ताट स्टीलमध्ये करायला नागपूरला पाठवलं. त्या आठवड्यात ती खुशीत होती. मावशींना वाटलं पोरीला जरा बरं वाटतंय. ताट यायच्या आतच ती गेली.

पुण्यानुमोदनाला, तिच्या दिवसाच्या बौद्ध विधीला, जमलेली माणसं बघून मी चाट पडले. तिने बनवलेल्या काठ्या, पट्टे, मुठी घेऊन माणसं आली होती. तळेगावहून काका आले, सुनेचा हात धरून, आणि हात जोडता येत नव्हते म्हणून बुद्धवंदना होईपर्यंत मान खाली घालून बसले. तिच्या हाताखालचे ते दोन बारके, आता चांगले मिशीवाले झालेले, मागच्या रांगेत होते. एक जण सध्या मोबाइलच्या दुकानात आहे म्हणाला. कंपनीचा शोकसंदेश मेलवर आला होता; भाषा हळवी, एकही चूक नाही. तो माणसाने लिहिला होता की आणखी कुणी, याचा मी फार विचार केला नाही.

गेल्या रविवारी मी नालवाडीला गेले तर ताट येऊन पडलेलं, खोक्यासकट. मावशी म्हणाल्या, "तुह्या काकाचं दिसते. जाशीन तवा घेऊन जाजो तळेगावले." मी म्हटलं, मावशी, हे काकांचं नाही. तुमचं आहे. तुमच्या अंगठ्यासाठी केलंय तिने. त्यांनी ते खोक्यातून काढलं. ताट उलटंपालटं करून पाहिलं, धुतलं, पुसलं. तव्यावरची भाकर त्यात ठेवली, वरून वरण ओतलं आणि तळहाताचं बूड भाकरीवर ठेवून फिरवलं. भाकर विरघळल्यासारखी खाली बसत गेली. दोन्ही अंगठे वर उभे राहिले होते, त्यांना काही कामच नव्हतं. बघता बघता सगळं कुस्करून झालं. मावशींचा हात तिथेच थांबला.

"लवकर झालं वं," त्या म्हणाल्या.

मी हो म्हटलं.

"ती डोळे मिटे... मले वाटे भूक नाई तिले. माह्या हातापायी मिटत होती का वं हेमा?"

सांगू नको असं सुमेधाने लिहिलं होतं, आणि मी सांगितलं नाही. पण माझ्या तोंडाकडे बघून त्यांना कळलं असावं. त्या तशाच बसून राहिल्या, वरणात भिजलेला हात ताटाच्या कडेवर ठेवून. "एवढं लवकर होते, तं अजून खाल्लं असतं तिनं," एवढंच शेवटी म्हणाल्या. ताटातलं वरण अजून गरम होतं.